पाटी नसेल तर किती?

ब्रिटनमधल्या वेल्समध्ये गाडी चालवताना वेगमर्यादा कळण्यासाठी पाटी शोधावी लागत नाही. दिव्याचे खांब बघायचे. रस्त्याकडेच्या दोन खांबांमधलं अंतर २०० यार्डांपेक्षा, म्हणजे साधारण १८३ मीटरपेक्षा, जास्त नसेल तर तिथे एक ठरलेली मर्यादा आपोआप लागू होते. त्याहून वेगळी मर्यादा असेल तरच पाटी लागते. ही आपोआप लागू होणारी मर्यादा १९३५ पासून ताशी ३० मैल होती. १७ सप्टेंबर २०२३ पासून ती २० मैल झाली. आपल्या मापात ४८ किलोमीटरवरून ३२.

खांबांचा निकष ऐकायला विचित्र वाटतो, पण त्यात व्यवहारज्ञान आहे. रस्त्यावर ओळीने दिवे लावले जातात ते जिथे माणसं राहतात आणि अंधार पडल्यावरही पायी ये-जा करतात तिथे. 'वस्तीतला रस्ता' म्हणजे नेमका कोणता, याची व्याख्या करायला बसलं तर वकिलांची दिवाळी होईल. खांब मात्र कुणालाही मोजता येतात.

या दहा मैलांवरून तिथे बरंच रामायण झालं. वेल्सची लोकसंख्या जेमतेम ३१ लाख. 'जुनी मर्यादा परत आणा' अशा मागणीच्या अर्जावर सुमारे ४ लाख ७० हजार सह्या झाल्या. वेल्सच्या संसदेकडे, सेनेदकडे, इतक्या सह्यांचा अर्ज त्याआधी कधीच आला नव्हता. रात्रीतून कुणीतरी २० च्या पाट्यांना रंग फासून जायचं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं की भांडण 'हळू की जोरात' एवढंच आहे. मला ते तसं वाटत नाही. खरा बदल आकड्यात जेवढा झाला त्यापेक्षा जास्त 'आपोआप' या शब्दात झाला, आणि तोच भाग बातम्यांमधून निसटला.

चहा आणि साखर

टपरीवर 'एक चहा' म्हटलं की साखरेचा येतो. बिनसाखरेचा हवा असेल तर तोंड उघडावं लागतं. समजा उद्या टपरीवाल्याने उलटं केलं: चहा बिनसाखरेचाच मिळेल, साखर हवी त्याने मागावी. साखर बंद झालेली नाही. डबा तिथेच आहे. बदललं एवढंच की आता मागायचं कोणी.

संगणकवाले ज्याला डीफॉल्ट म्हणतात ते हेच. रस्त्याच्या बाबतीत मी त्याला 'बिनपाटीची मर्यादा' म्हणेन: कुणी काहीच ठरवलं नाही, काहीच लिहिलं नाही, तर जी लागू होते ती.

२०२३ च्या आधीही वेल्समध्ये २० मैलांचे रस्ते होतेच. पण एखादी गल्ली ३० वरून २० वर आणायची तर तिथल्या कौन्सिलला, म्हणजे स्थानिक पालिकेला, त्या गल्लीपुरता स्वतंत्र आदेश काढावा लागे. नोटीस, हरकती, सुनावणी, मग पाट्या, आणि या सगळ्याचा खर्च. अशा वेळी कोणत्या गल्ल्यांना हळू रस्ता मिळतो? जिथल्या रहिवाशांना अर्ज लिहिता येतो, सभेला जायला वेळ असतो, नगरसेवकाचा नंबर माहीत असतो, तिथल्या. बाकीच्यांची पाळी बहुतेक वेळा एखादा अपघात झाल्यावर येते. ही पद्धत इतकी संथ होती की सगळी खटपट करून देशातल्या रस्त्यांपैकी अडीच टक्क्यांच्या आसपासच रस्ते २० वर आले होते. बिनपाटीची मर्यादा बदलल्यावर हे प्रमाण एका फटक्यात ३७ टक्क्यांच्या आसपास गेलं.

म्हणजे पूर्वी रहिवाशाने सिद्ध करायचं होतं की आमचा रस्ता हळू असायला हवा. आता तो वेगाचा असायला हवा हे सिद्ध करण्याची जबाबदारी कौन्सिलवर आली. ३० मैल ठेवण्याची सवलत कायद्याने काढून घेतली नव्हती. वेल्समधल्या २२ कौन्सिलांना अपवाद करण्याची मुभा पहिल्यापासून होती आणि त्यासाठी निकषही दिले होते. रस्त्यापासून १०० मीटर चालत जाण्याच्या अंतरात शाळा किंवा महाविद्यालय आहे का? समाजमंदिर आहे का? इस्पितळ आहे का? रस्त्याला तोंड करून असलेली घरं-दुकानं दर किलोमीटरला २० पेक्षा जास्त आहेत का? यातलं काहीच नसेल आणि ३० ठेवण्यासारखी परिस्थिती असेल, तर ठेवा.

विरोधकांनी या योजनेला 'सरसकट २०' म्हटलं आणि सरकार शेवटपर्यंत 'सरसकट नाही, डीफॉल्ट' असं सांगत राहिलं. सरकारचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं. पण ज्या माणसाच्या घरापासून कामापर्यंतचे सगळे रस्ते एका रविवारी २० चे झाले, त्याला 'अपवादाची तरतूद आहे हो' हे सांगून काय उपयोग?

बारा मीटर

आता मुळात हा आकडा कमी का करायचा, ते बघू. इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यांना वाटतं आपल्याला हे कळतं, आणि बहुतेकांचा अंदाज चुकतो.

ब्रिटनच्या वाहतूक नियमांच्या पुस्तकात, हायवे कोडमध्ये, गाडी थांबायला किती अंतर लागतं त्याचा तक्ता आहे. लायसन्सच्या लेखी परीक्षेला त्यावर प्रश्न येतात. त्यातल्या दोनच ओळी घेऊ. ताशी २० मैलांवर गाडी थांबायला १२ मीटर लागतात: धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत ६ आणि ब्रेक लागल्यावर ६. ताशी ३० मैलांवर लागतात २३ मीटर: आधीचे ९ आणि नंतरचे १४.

आता रस्त्याकडेला एक टेम्पो उभा आहे. त्याच्या आडून चेंडूमागे एक मूल धावत येतं, गाडीपासून बरोबर १२ मीटरवर. २० मैलांनी येणारी गाडी त्याच्या पायाशी येऊन थांबेल. मूल घाबरेल, चालक घाबरेल, दोघांपैकी एकाला ओरडा बसेल. ३० मैलांनी येणाऱ्या गाडीचे मात्र ९ मीटर पाय उचलण्यातच गेलेले असतात. ब्रेकला उरतात ३ मीटर. त्याच तक्त्यावरून हिशोब केला तर मुलापर्यंत पोचताना त्या गाडीचा वेग ताशी २६ मैलांहून थोडा जास्तच निघतो, म्हणजे जवळपास ४३ किलोमीटर. दोन गाड्यांच्या वेगात फरक होता १० मैलांचा. धडकेच्या वेगात तो शून्य आणि सव्वीसचा झाला.

असं होतं याचं कारण शाळेत शिकलेलं आहे, फक्त गाडीत बसल्यावर आठवत नाही. हलत्या वस्तूतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट झाला की ऊर्जा सव्वादोन पट. ब्रेकला ही सगळी ऊर्जा जिरवायची असते, आणि ब्रेकला नाही जमलं तर उरलेली समोरच्या शरीरात जाते. दुसऱ्या भाषेत सांगायचं तर ताशी ३२ किलोमीटरचा वेग म्हणजे ४ मीटर उंचीवरून खाली पडल्यावर येणारा वेग. ताशी ४८ चा वेग यायला ९ मीटरवरून पडावं लागतं. इमारतीच्या भाषेत पहिला मजला आणि तिसरा मजला. पहिल्या मजल्यावरून पडलेला माणूस बहुधा प्लास्टर घालून घरी येतो. तिसऱ्याबद्दल असं बोलायची हिंमत होत नाही.

म्हणूनच रस्ता सुरक्षेतल्या लोकांचा ३० किलोमीटर या आकड्यावर डोळा आहे. जिथे गाड्या आणि पायी चालणारी माणसं एकाच जागेत मिसळतात, तिथे त्याहून जास्त वेग नको, हे फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला झालेल्या जागतिक मंत्रिपरिषदेच्या जाहीरनाम्यात लिहिलेलं आहे. २० मैल म्हणजे ३२ किलोमीटर. ब्रिटनला त्याच्या मैलांमध्ये मिळणारा सर्वात जवळचा गोल आकडा.

तीस आला कुठून?

'शंभर वर्षं तीस चालत होतं, आता काय झालं?' हा प्रश्न वेल्समध्ये पुष्कळांनी विचारला. शंभर वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये मर्यादा किती होती माहीत आहे? २० मैल! १९०३ च्या मोटारगाडी कायद्याने ती घातली होती, आणि तीही सगळ्या देशाला. लोक ती पाळत नव्हते, म्हणून १९३० च्या कायद्याने मोटारींवरची मर्यादाच काढून टाकली. काही वर्षं गावातल्या रस्त्यावरही कुठलीच मर्यादा नव्हती. १९३४ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली. आज तिथे वाहनं चार कोटींच्या घरात आहेत आणि वर्षाला मृत्यू होतात साधारण १,६०० ते १,७००. १९३४ मध्ये वाहनं याच्या पासंगालाही पुरणारी नव्हती. ते आकडे बघून वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी मार्च १९३५ मध्ये वस्तीत ३० मैलांची मर्यादा आणली.

तेव्हा ३० हा काही अभ्यासाअंती निघालेला आकडा नव्हता. २० कुणी पाळत नाही आणि अमर्याद वेग परवडत नाही, यातली ती तडजोड होती. मग ८८ वर्षं ती अशी अंगवळणी पडली की जणू निसर्गनियमच.

आकडे वाचताना

मर्यादा बदलल्यावर प्रत्यक्षात काय झालं? पहिली गोष्ट, गाड्या २० वर आल्या नाहीत. मोजणी कुठे झाली त्याप्रमाणे सरासरी वेग साधारण दोन ते चार मैलांनी उतरला. पुष्कळ जण अजूनही २४-२५ ने जातात. पोलिसांनीही २६ पासून पुढेच कारवाई करायची असं धोरण ठेवलं, आणि सुरुवातीच्या महिन्यांत पकडलेल्यांना दंड किंवा रस्त्याकडेला अग्निशमन दलाच्या माणसांकडून दहा मिनिटांची शिकवणी, असा पर्याय दिला. बहुतेकांनी काय निवडलं असेल ते सांगायला नको.

'मग दोन-चार मैलांसाठी एवढा खटाटोप?' असं वाटेल. पण जागतिक आरोग्य संघटनेचा ठोकताळा असा आहे की सरासरी वेग १ टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. उलट दिशेलाही तेच. २९ वरून २६ वर येणं म्हणजे १० टक्के. त्याला चाराने गुणून ४० टक्के म्हणू नका, ठोकताळे इतके ताणायचे नसतात. पण परिणाम किरकोळ नसणार एवढं त्यावरून कळतं. आणि तसंच झालं. पहिल्या वर्षभरात २० आणि ३० मैलांच्या रस्त्यांवरच्या जखमी आणि मृतांची एकत्र संख्या आधीच्या वर्षापेक्षा साधारण पाव हिश्श्याने कमी झाली.

'एकत्र' हा शब्द नीट बघा, कारण याच ठिकाणी दोन्ही बाजूंच्या लोकांनी आकड्यांचे खेळ केले. नुसते २० च्या रस्त्यांवरचे अपघात मोजले तर बदलानंतर ते भरमसाट वाढलेले दिसतात. वाढणारच की. पूर्वी असे रस्ते अडीच टक्के होते, आता त्यांची संख्या कितीतरी पट झाली. नुसते ३० च्या रस्त्यांवरचे मोजले तर ते धाडकन कोसळलेले दिसतात, कारण ३० चे रस्तेच फारसे उरले नाहीत. एका वर्गातली निम्मी मुलं दुसऱ्या तुकडीत हलवली आणि मग 'पहिल्या तुकडीत नापास निम्मे झाले' अशी पेढे वाटायची बातमी दिली, तर कसं होईल? दोन्ही तुकड्या मिळून किती नापास झाले, तोच प्रश्न विचारायला हवा.

त्यातही एका वर्षाच्या आकड्यावर उड्या मारू नयेत. पाऊस, पेट्रोलचे भाव, लोकांचं घरून काम करणं, कशानेही एका वर्षाचा आकडा हलतो. वेल्स सरकारनेच म्हटलं होतं की पक्कं बोलायला निदान तीन वर्षांची आकडेवारी लागेल.

जिथे घोडं पेंड खायला लागलं

खांबांचा नियम सोपा आहे म्हणून चांगला, आणि सोपा आहे म्हणूनच आंधळा. गल्लीतला अरुंद रस्ता आणि गावाच्या कडेने जाणारा रुंद, सरळ, घरं नसलेला रस्ता या दोघांनाही दिवे असू शकतात. खांब मोजणाऱ्या कायद्याला दोन्ही सारखेच. आठ ठिकाणी हा बदल आधी करून पाहिला होता. त्यातल्या बकली या गावात हेच झालं: गल्ल्यांमध्ये २० ला फारसा विरोध नव्हता, पण गावाला जोडणाऱ्या मोठ्या, उताराच्या रस्त्यावर २० पाळताना लोक वैतागले. त्या गावातली कुरकुर पुढे साऱ्या देशाची होणार याची ती झलक होती.

मला वाटतं सरकारची चूक इथे झाली. अपवाद करण्याचे निकष कागदावर होते, पण ते इतके सावध लिहिलेले होते, आणि कौन्सिलांकडे माणसं आणि वेळ इतका कमी होता, की बऱ्याच कौन्सिलांनी शंका असेल तिथे २० च राहू दिलं. शहाण्या चालकालाही 'इथे कशाला?' असं वाटावं असे रस्ते त्यात सापडले. आणि माणसाचं असं असतं की दहापैकी एक नियम बिनबुडाचा वाटला, तर तो उरलेले नऊही मोडतो.

योजना रेटणारे उपमंत्री ली वॉटर्स आणि प्रथम मंत्री, म्हणजे वेल्स सरकारचे प्रमुख, मार्क ड्रेकफर्ड २०२४ च्या मार्चमध्ये पदांवरून गेले. नवे वाहतूकमंत्री केन स्केट्स यांनी लगेच महिन्याभरात जाहीर केलं की काही रस्ते ३० वर परत नेले जातील. त्यासाठी जुलैत नवे निकष आले आणि कौन्सिलांनी लोकांकडून रस्त्यांची नावं मागवली. बिनपाटीची मर्यादा मात्र २० च राहिली. म्हणजे ज्या दिवशी लोक म्हणाले 'सरकारने माघार घेतली', त्या दिवशीही नियमाचा पाया हलला नव्हता. फक्त साखर मागणाऱ्यांना डबा जरा लवकर मिळू लागला.

खर्च झाला सुमारे ३ कोटी ३० लाख पौंड. बराचसा पाट्यांवर. गंमत अशी की मर्यादा 'आपोआप' असल्यामुळे नव्या २० च्या रस्त्यांवर आत जागोजाग पाट्या लावायच्या नव्हत्या. उलट राहिलेल्या ३० च्या रस्त्यांवर त्या लावाव्या लागल्या. पाट्या अर्थात दोन्ही भाषांत. वेल्समध्ये रस्त्यावर मोठ्या अक्षरात इंग्रजी 'स्लो' च्या जोडीला वेल्श भाषेतला शब्दही रंगवलेला असतो: 'अराव'. म्हणजे हळू. मातृभाषेच्या पाट्यांसाठी भांडण्यात हयात गेलेल्या आपल्यासारख्यांना याचं जरा कौतुक वाटणारच.

बाकीच्या हरकती, थोडक्यात

वेळ जातो का? जातो. एक किलोमीटर अंतर सलग ३० मैलांनी ७५ सेकंदांत संपतं, २० ने ११२ सेकंदांत. म्हणजे किलोमीटरमागे पाऊण मिनिटही नाही, आणि वस्तीत सलग ३० ने जायला मिळतंच कुठे? पण बसचं वेगळं आहे. तिचा सगळा मार्गच वस्तीतून जातो, प्रत्येक फेरीची मिनिटं साचतात, आणि काही मार्गांची वेळापत्रकं खरोखर बदलावी लागली. हा तोटा खरा आहे.

रुग्णवाहिकेला मर्यादा लागत नाही. अग्निशमनच्या बंबालाही नाही. पण वेल्सच्या ग्रामीण भागात आगीच्या वर्दीवर हजर होणारे पुष्कळ जवान अर्धवेळ असतात. ते घरून आपल्या गाडीने केंद्रावर येतात आणि तोवर त्यांना सगळ्यांसारखंच २० पाळावं लागतं. ही हरकत मला सगळ्यात वजनदार वाटली. तिच्याबद्दल बोललं गेलं सगळ्यात कमी.

प्रदूषणाबद्दल दोन्हीकडून छातीठोक बोललं जातं. गाडी डिझेलची की पेट्रोलची, सारखं थांबावं लागतं की नाही, यावर ते इतकं अवलंबून आहे की २० विरुद्ध ३० अशा भांडणात त्यातून फारसं काही हाती लागत नाही.

खांबांऐवजी काय मोजायचं

वेल्सच्या आधी स्पेनने हेच केलं, आणि माझ्या मते जास्त हुशारीने. ११ मे २०२१ पासून तिथे शहरातल्या रस्त्याची मर्यादा त्याच्या घडणीवरून ठरते. फुटपाथ आणि रस्ता एकाच पातळीत असेल तर ताशी २० किलोमीटर. दोन्ही दिशांना एकेकच लेन असेल तर ३०. प्रत्येक दिशेला दोन किंवा जास्त लेन असतील तर ५०. चालकाला काचेतून जे दिसतं तोच नियम. बकलीसारख्या तक्रारीतली निम्मी धार यानेच गेली असती, कारण रुंद रस्ता रुंद दिसतो आणि त्याला मर्यादाही जास्त मिळते.

ऑस्ट्रियातलं ग्राट्स हे शहर तर १९९२ पासून असंच चाललंय: मुख्य रस्त्यांवर ५०, बाकी सगळीकडे ३०. फिनलंडच्या हेलसिंकीत अर्ध्याहून अधिक रस्ते ३० चे आहेत. तिथे जुलै २०२५ पर्यंतच्या सलग बारा महिन्यांत रस्त्यावर एकही माणूस मेला नाही. सुमारे पावणेसात लाख वस्तीचं शहर आहे ते. अर्थात एकट्या वेगमर्यादेने हे झालेलं नाही. रस्ते अरुंद केले, चौक बदलले, कॅमेरे लावले, आणि तिथली सार्वजनिक वाहतूक चांगली आहे.

उलटी दिशाही आहे. न्यूझीलंडमध्ये सरकार बदललं आणि २०२० नंतर शाळांजवळच्या वगैरे अनेक रस्त्यांवर आणलेल्या ३० च्या मर्यादा २०२४ च्या नव्या नियमाने माघारी घ्यायला लावल्या.

आणि आपल्याकडे

आपल्या गल्लीला पाटी नसेल तर तिथे किती वेग चालतो? हा प्रश्न मी ओळखीच्या पाच-सहा जणांना विचारला. उत्तरं आली ३०, ४०, 'असं काही असतं का?' आणि 'पोलीस नसेल तर कितीही'.

६ एप्रिल २०१८ ला केंद्र सरकारने काढलेल्या अधिसूचनेत महापालिका-नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांसाठी कमाल वेग ठरवला होता तो असा: मोटारींना ताशी ७० किलोमीटर, दुचाकींना ६०, तीनचाकींना ५०. रस्ता सहापदरी आहे की वाड्यांमधून जाणारा बोळ, हा फरक त्यात नाही. सदाशिव पेठेतल्या एखाद्या गल्लीतून ७० ने जाणं शक्य नाही ही गोष्ट वेगळी, पण या हिशोबाने ५० ने जाणारा 'अतिवेगात' धरला जाणार नव्हता. बेदरकारपणाचं कलम आहेच, पण ते सहसा अपघात झाल्यावर लावलं जातं.

सरकारी आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली १५,२२४ महाराष्ट्रात. देशभरच्या मृतांपैकी ३२,८२५ पायी चालणारे होते. एकूण मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांच्या पुढे 'अतिवेग' हे कारण नोंदवलेलं आहे. हे कारण पोलीस अपघातानंतर लिहितात, वेग मोजून क्वचितच, त्यामुळे ७१ या आकड्याला मी फार चिकटणार नाही.

कायद्याने आपले हात बांधलेले आहेत असंही नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ११२ राज्य सरकारला किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला वेग कमी करण्याचा अधिकार देतं: एखाद्या रस्त्यापुरता, एखाद्या भागापुरता किंवा सरसकटसुद्धा. अट अशी की राजपत्रात अधिसूचना काढायची आणि योग्य जागी पाट्या लावायच्या. व्यवहारात आपण हा अधिकार एकेका पुलासाठी, एकेका घाटासाठी, एखाद्या मोठ्या अपघातानंतर एखाद्या वळणासाठी वापरतो. म्हणजे वेल्समध्ये २०२३ च्या आधी जे होतं तेच. ज्या गल्लीसाठी कुणी मागत नाही, तिला मिळत नाही.

मग गल्ली आपली आपण सोय करते. सोसायटीतली चार माणसं पैसे काढतात, ओळखीच्या ठेकेदाराकडून उरलेलं डांबर येतं आणि सकाळी रस्त्यावर एक उंचवटा उगवलेला असतो. उभा, टोकदार, न रंगवलेला. रिक्षावाले शिव्या देतात, पाठीचे रुग्ण वाढतात, रात्री दुचाकीवाला त्यावरून पडतो आणि पुढच्या महिन्यात पालिका तो उखडते. रस्ते बांधणीची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचं गतिरोधकाचं प्रमाण यापेक्षा पुष्कळ वेगळं आहे: रुंदी ३.७ मीटर, मध्ये उंची १० सेंटिमीटर, वर १७ मीटर त्रिज्येची सावकाश गोलाई. त्यावरून गाडी न आपटता जावी असा वेगही त्यात धरलेला आहे, ताशी २५ किलोमीटर.